दादाला न दिसलेला पिवळा झेंडा

"वळणावर चाकाकडं बघू नको, जिथं जायचंय तिकडं बघ." मी शाळेत असताना पडेगावच्या रस्त्यावर मला मोपेड शिकवताना थोरला भाऊ मागून धावत ओरडला होता.

तो दादा आता पिशोरला शेती बघतो. त्याला बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तरी मोटरसायकलवर कन्नडला जातोच. वहिनी फोनवर रडली, तेव्हा मी निघायचं ठरवलं. संभाजीनगरबाहेर मोटारी, मोटरसायकली आणि कार्ट म्हणजे बुटक्या, उघड्या छोट्या गाड्यांसाठी शर्यतीचा ट्रॅक आहे. तिथं दादा एकदा मनसोक्त फिरला की रस्ता सोडेल, अशी माझी भाबडी आशा.

पुण्याहून पहाटे निघाले. नगर ओलांडलं की रस्ता मोकळा होतो. दादा एसटीनं संभाजीनगरला आला. तिथल्या शहागंजात नान-खलिया, म्हणजे नानबरोबर मटणाचा झणझणीत रस्सा, खाल्ला.

"पुण्यात मिळतं का गं असलं?"

"नाही."

"मग राहतीस कशाला तिथं?"

तुम्ही ट्रॅकवर जाणार असाल तर ऊन उतरल्यावरच जा, सावली नाही. बंद बूट हवेत, ओढणी काढून ठेवायला लावतात. शनिवार-रविवारी गर्दी असते, आधी फोन करा.

कपाशीच्या शेतांपलीकडे ट्रॅकचा तो काळा पट्टा दिसला. मोटरसायकली सुटल्या. वळणावर एकेकजण इतका झुकायचा, की गुडघा जमिनीला कुरवाळून जायचा. आवाज लांब जाऊन विरायचा, पुन्हा यायचा, अर्धवट झोपेत ऐकल्यासारखा.

"समोरून कुणीच येत नाय बघ," दादा हळूच म्हणाला. "असा रस्ता मला सपनात दिसतो."

मग त्याची कार्टची पाळी आली. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, हे झेंडेवाल्यानं सगळ्यांना बजावलं. हेल्मेटमधून दादाचे डोळे हसत होते. पहिल्या फेऱ्या त्यानं अशा घेतल्या, की मला पुन्हा तो पंचविशीतला वाटला.

मग पुढची एक कार्ट गिरकी घेऊन ट्रॅकवरच अडकली. कडेला पिवळा झेंडा हलला. सगळे हळू झाले. दादा नाही. त्याची नजर सरळ समोर होती. अगदी जवळ गेल्यावर त्यानं चाक वळवलं आणि गवतात शिरून थांबला. कुणाला लागलं नाही.

"चाचा, झेंडा दिखाया ना! बघितला नाय का?" झेंडेवाला धावत आला.

"तुमचा झेंडाच लई बारका हाय," दादा म्हणाला. सगळे हसले. त्याला हेल्मेटचा पट्टा सोडवेना. मी सोडवला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

स्टँडवर सोडताना म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नको."

घरी आल्यापासून डोळे मिटले की तो काळा पट्टा संध्याकाळच्या उजेडात वळत जातो. तुम्ही जरूर जा. पण काल दादा पुन्हा गाडीवर कन्नडला गेला.

दादा, फोनवर अक्षरं मोठी करून तू माझं लिखाण वाचतोस, मला ठाऊक आहे. तू 'नाय' म्हणशील, हेही ठाऊक आहे. तरी मागते. गाडीची किल्ली वहिनीच्या हातात दे. आजच दे.