मागच्या दाराचं कुलूप

मी येणार असले की आदल्या दिवशी इमारतींना आंघोळ घालतात. जिन्यातली अडगळ गच्चीवर जाते, लाल सिलिंडरांवरची धूळ पुसली जाते, वाळूच्या बादल्यांमधल्या गुटख्याच्या पिचकाऱ्यांवर ताजी वाळू पडते. जालना जिल्ह्यातल्या इमारतींमध्ये आगीपासून बचावाची जी यंत्रणा असते ती तपासायची, हे माझं काम. पंप सुरू होतो का, पाइपात पाणी येतं का, धूर झाला तर भोंगा वाजतो का, आणि भोंगा वाजल्यावर माणसं बाहेर पडू शकतात का, एवढंच बघायचं. यंत्रांचं एक बरं असतं, बिघडली की बिघडलेली दिसतात. माणसं तेवढीही सोय ठेवत नाहीत.

सुरुवातीला मला या सगळ्याचं हसू यायचं. एका मंगल कार्यालयात दसऱ्याला सिलिंडरांची पूजा झाली होती. हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि जी पिन ओढल्याशिवाय सिलिंडर चालत नाही, नेमके तिलाच लाल दोऱ्याचे वेढ्यावर वेढे. मी विचारलं, "आग लागल्यावर आधी दोरा सोडत बसणार का?" तर तिथला मॅनेजर म्हणाला, "पूजा केल्यावर कशाला लागंल मॅडम?" आगीसाठी राखून ठेवायच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्या-दहा दिवसांनी, मग भरलेली टाकी बघून कुणाचा हात थांबणार? मी तोंड वाजवलं की टाकी भरते, मी पाठ फिरवली की त्याच पाण्यात धुणी पडतात. आताशा हसू येत नाही, चीड येते. आणि सगळ्यात जास्त चीड आली ती एका मुलींच्या वसतिगृहात.

तिथे माझी भाची राहत होती, धाकट्या भावाची मुलगी. भाऊ धावड्याला असतो. घरची शेती आहे, चांगली पिकते, मुलीवर जीवही आहे त्याचा. पण ती बारावी झाली तशी त्याने स्थळं बघायला सुरुवात केली. तिला बी.एस्सी. करायचं होतं. मी त्याचं डोकं खाल्लं. माझ्याकडे ठेव म्हटलं, तर म्हणाला, "तू जिल्हाभर हिंडती आक्का, दिवसभर घर रिकामं. तिथं पोरगी एकटी कशी ठेवू?" शेवटी वसतिगृहावर कबूल झाला, तेही अट घालून. "कुलूपबंद जागा पाहिजे. ज्या दिवशी मला पटणार न्हाई, त्या दिवशी घरी आणंन. मंग मला बोलू नको." मला वाटलं, संध्याकाळी फाटकाला लावतात त्या कुलपाचं म्हणतोय. मी हो म्हणून मोकळी झाले. भाची तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली होती. एवढं आनंदाने रडताना मी आमच्या घरात कुणालाच पाहिलं नव्हतं.

ती दुसऱ्या वर्षाला गेली आणि त्याच इमारतीची तपासणी माझ्या वाट्याला आली. तळमजल्यावर गाद्यांचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर मुली. कापूस आणि फोम खाली, पोरी वर. ही अक्कल कुणाची, हे विचारायचं मी केव्हाच सोडून दिलंय. पंप चालला. छताला लावलेल्या डिटेक्टरखाली धूर धरला, त्यानेही ओळखला. भाची दारात उभी राहून मैत्रिणींना हळूच सांगत होती, "माझी आत्या." मीही जरा ऐटीतच व्हरांड्यातल्या सिलिंडरच्या दाबाचा काटा बघितला, तो बरोबर हिरव्या पट्ट्यात होता, आणि भोंगा वाजवायला सांगितला.

पोरी खोल्यांमधून बाहेर आल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पुढच्या जिन्याकडे धावल्या. तो जिना अरुंद. खाली पाण्याचे ड्रम आणि दुकानदारांच्या दुचाक्या. तिथे त्या अडकल्या, रेटारेटी झाली, एक पडता पडता वाचली. मागच्या बाजूला खास आगीसाठी बांधलेला दुसरा जिना होता. रुंद, गच्चीपासून खालपर्यंत मोकळा. त्याच्या दाराकडे एकीनेही वळून बघितलं नाही.

मी त्या दाराशी गेले. दाराला कुलूप होतं, तळहाताएवढं.

"किल्ली?" मी वसतिगृहाच्या मालकाला विचारलं.

"मावशींच्या कमरेला असती मॅडम." मावशी म्हणजे मुलींवर लक्ष ठेवणारी बाई.

"मग बोलवा मावशींना."

"आज चतुर्थी हाय ना. राजूरला गेल्यात, गणपतीला."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मग आगीला सांगून ठेवा, मावशी दर्शन घेऊन येईपर्यंत जरा बसून घे." मालक हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

मग त्याने काखा वर केल्या. "हे कुलूप माझं न्हाईच मॅडम. पोरींचे वडीलच घेऊन आल्ते. सगळ्यांनी मिळून नारळ फोडून लावलंय. मी काढलं तर उद्या माझ्या खोल्या रिकाम्या. आणि तुम्ही मलाच काय विचारता?" तो भाचीकडे बघायला लागला. "भोकरदनच्या बाजारातून आणलं कुणी? तुमच्याच भावानं."

भाचीने मान खाली घातली. मालक पुढे गेल्यावर तिने माझ्या पिशवीचा बंद धरला आणि म्हणाली, "आत्या, राहू दे ना गं. नको काढायला लावू." बापाला घाबरते, असं मी धरून चालले. तिला म्हटलं, तू नको काळजी करू, मी आहे. आणि मालकाला सांगितलं, हे कुलूप निघाल्याशिवाय मी तपासणीच्या दाखल्यावर सही करणार नाही.

रविवारी पालकांची बैठक भरली. पालकांची म्हणजे बापांची. आया आल्या नव्हत्या, आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांना वर खोल्यांमध्ये बसवून ठेवलं होतं. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी बदनापूरहून रेल्वेने आलेला, कुणी कंपनीत कामाला जाणारा. एरवी गावात ही माणसं एका पंगतीला बसली नसती. त्या दिवशी एका सतरंजीवर बसली होती आणि सगळ्यांचं एकमत होतं. समाज एकत्र येतो तो असा.

मी समजावून सांगितलं. कुलपाच्या जागी आडवी दांडी बसते. आतून ढकलली की दार उघडतं, बाहेरून कुणालाही उघडता येत नाही. पाहिजे तर दार उघडल्याबरोबर भोंगा वाजेल असंही करता येतं. शिक्षक असलेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण आतून उघडतं ते दार बंद कसं म्हणायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना बाहेरच्यांची भीती नव्हतीच. आपल्याच पोरींची भीती होती.

मग माझा भाऊ बोलला. तो चिडला नव्हता, आवाजही चढवला नाही. "आक्का, आग लागंल का न्हाई, कुणाला म्हाईत. दार तर रोज हाय ना."

"म्हणजे पोरी जळाल्या तरी चालतील?"

"आसं वंगाळ तोंडातून काढू नको," तो म्हणाला. पण सतरंजीवरच्या एकाही माणसाने नाही, चालणार नाही, असं म्हटलं नाही. मी वाट बघितली. ते चहा पीत राहिले.

मी सही केली नाही. मालकाने थोडे दिवस कळ काढली, वरून फोन आणवून बघितले, शेवटी पालिकेची नोटीस येईल म्हणून दांडी बसवली. मी जाऊन स्वतः ढकलून पाहिली. एका बोटाने उघडत होती. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं एवढं समाधान मला क्वचितच मिळालं असेल, आणि ते पुरते आठ दिवसही टिकलं नाही. भाऊ गाडी घेऊन आला. भाचीची पेटी, गादी, पुस्तकं भरली आणि मालकाकडून कुलूपही मागून घेतलं. मला फोनवर म्हणाला, "मी बोललो होतो, आक्का. खर्च्याचा सवाल न्हाई. परीक्षा देऊ दे बाहेरून." मी दुसरी वसतिगृहं सुचवली, शिव्याही घातल्या. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. बाहेरून परीक्षा द्यायच्या म्हटल्यावर प्रयोगशाळेचं काय, हे त्याला विचारण्यातही अर्थ नव्हता. आणखी दोन मुलींचे बापही त्याच आठवड्यात येऊन गेले.

दिवाळीनंतर मी धावड्याला गेले. भाची चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते आणि त्यांचा होकार आला होता. भाऊ मला त्यांची जमीन किती, मुलगा काय करतो, हे उत्साहाने सांगत होता. मी हूं हूं केलं. घर नवीन बांधलंय, सिमेंटचं. कुठल्याही घरात शिरल्यावर बाहेर पडायच्या वाटा बघायची मला खोडच लागली आहे. एक पुढचं दार, एक मागचं, गोठ्याकडे उघडणारं. मागच्या दाराला तेच कुलूप होतं, तळहाताएवढं.

मी तिथेच उभी राहिले. भाची पीठ लागलेले हात पुसत माझ्यामागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तुला एक सांगायचं होतं. तिथं आमच्याकडं याची दुसरी किल्ली होती."

मी तिच्याकडे वळले.

"एकीनं बाजारात करून आणल्ती. सिलिंडरच्या मागं खिळ्याला टांगून ठेवायचो. तू त्या दिवशी काटा बघून राह्यली होती ना, त्याच."

"मग भोंगा वाजला तेव्हा?"

"मालक उभे होते की. आम्ही ठरवूनच पुढं पळालो. म्हणून तर तुला म्हणत होते, राहू दे."

"आणि दार उघडून कुठे जायचात?"

"कुठं न्हाई. गच्चीवर. दिवस कलला की बसायचो जरा. वारा असतो वर."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? धुरात खिळ्यावरची किल्ली सापडते का? खोकत, डोळे मिटून, कुलपाचं भोक चाचपडत बसता येतं का? त्या दांडीवाचून त्या पोरी मेल्या असत्या, हे मी कुणालाही ठासून सांगेन, आणि उद्या पुन्हा तसंच कुलूप दिसलं तरी काढायलाच लावीन. माझं काहीही चुकलं नव्हतं. तरी माझी भाची इथे होती, आणि त्या मोकळ्या दारातून गच्चीवर दुसऱ्या कुणाच्या तरी पोरी जात होत्या.

"ती किल्ली टाकून दिलीस ना?" मी विचारलं.

तिने आत बघितलं. ओसरीवर तिचा बाप चहाची कपबशी घेऊन बसला होता. ती म्हणाली, "न्हाई. माझ्याकडं हाय."

तेवढ्यात भावाने हाक मारली, "आक्का, काय चाललंय तिकडं मागं?"

मी कुलूप हातात धरलं, दोनदा ओढून पाहिलं.

"काही न्हाई," मी म्हटलं. "दार बघून राह्यले. पक्कं हाय."