कच्चं फोल्डर

बायको गेली त्या पावसाळ्यात मी तिचा कॉम्प्युटर चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. खोलीला ओल आली होती, भिंतीवरून उधई, म्हणजे वाळवी, चढत होती. आमच्याकडे मक्याची कणसं, दोडक्याचं बी, जे पुढच्या सालापर्यंत टिकवायचं ते धुरावर ठेवतात. धुरात कीड लागत नाही. मला वाटलं, हेही टिकेल. मी चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म आलापल्लीकडच्या जंगलात सागवानाची लाकडं मोजण्यात गेला. कॉम्प्युटरला धूर चालत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही. विचारायचं ते माणूसच गेलं होतं.

यंदा मुलगी चंद्रपूरहून आली, नवा लॅपटॉप घेऊन. ती तिथल्या शाळेत शिकवते. म्हणाली, आईचं सगळं यात घेते, मग तो डबा काढून टाकू. मी माळ्यावरून डबा उतरवला तेव्हा ती नुसती पाहतच राहिली. पांढऱ्याचा काळा ठिक्कर झाला होता.

"बाबा, हे काय केलं तुमी? कॉम्प्युटर होय का मक्याचं कणीस?"

"उधईनं खाल्ला असता."

"उधई लोखंड खाते का?"

"वायर खाते."

"आईनं पाह्यलं असतं तं तुमालेच माळ्यावर टांगलं असतं."

ते खरं होतं.

त्या डब्यात काय होतं ते सांगतो. बायको अंगणवाडीत होती. मुलीचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरी पडून होता, त्याच्यावर बायको हळूहळू शिकली. आमच्या भागात रोवण्याच्या वेळी, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावताना, बाया गाणी म्हणतात. आता फक्त म्हाताऱ्यांनाच येतात. बायको सुटीच्या दिवशी एकेकीला घरी बोलवायची, ओसरीत बसवायची आणि मोबाईलमध्ये गाणं घ्यायची. मग कॉम्प्युटरवर एकाच गाण्याच्या दोन फायली करायची. एक जशीच्या तशी, ती 'कच्चं' नावाच्या फोल्डरात. दुसरी कापून साफ केलेली, ती 'पक्कं'मध्ये. साफ करताना पहिली कात्री तिच्याच आवाजाला लागायची. "माझं काय ऐकतीन लोकं," म्हणायची. ती स्वतः कधी गायली नाही. तिचा मोबाईल तर दवाखान्याच्या धावपळीत कुठं पडला ते कळलंच नाही. म्हणजे तिचा आवाज जगात उरला होता तो फक्त त्या कच्च्यात.

मुलीनं डब्याचं झाकण खोललं आणि माझा दाढीचा ब्रश मागितला. आतल्या पंख्यावर तव्याच्या बुडासारखी काजळी, चिकट. दोन घंटे घासत बसली. बटन दाबलं तर चालू झाला. मी हात जोडणार, तेवढ्यात बंद पडला.

"तापते तो," ती म्हणाली. "थोडा वेळ चालते, मंग बंद. अन् आतली डिस्क बी आवाज करून राह्यली. कधी जाईन सांगता येत नाई."

मी टेबलफॅन आणून त्याच्या तोंडासमोर लावला. थंड झाल्यावर तिनं पुन्हा सुरू केला, वायर जोडली. पडद्यावर एक पट्टी सरकू लागली.

"काय घेऊन राह्यली?" मी विचारलं.

"पक्कं."

"कच्चं घे."

"बाबा, कच्चं लय मोठं आहे. पक्कं लहान, सगळं येऊन जाईन. मंग कच्च्याचं पाहू."

"मंग म्हणजे केव्हा? डिस्क मेल्यावर?"

"गाणी तं पक्क्यातच आहेत ना."

"मले गाणी नाई पायजे!"

मी ओरडलोच. तिनं हात थांबवला. मग हळू आवाजात म्हणाली, "निम्म्या बाया आता नाईत, बाबा. त्यायची लेकरं मागतात. आईनं हे सगळं तुमच्यासाठी केलं होतं का?"

मला राग आला. माझ्या बायकोचा आवाज मागायला मला गावाची परवानगी काऊन पाहिजे? हे ओठांवर आलं होतं. पण समोरच्या घरचा माणूस आठवला. त्याची म्हातारी माय गेली तेव्हा तो आमच्या ओसरीत येऊन बसला होता, आणि बायकोनं त्याला त्याच्या मायचं गाणं लावून दिलं. त्यानं ते तीनदा ऐकलं आणि उठून गेला. मलाही कोणी तसंच लावून द्यावं, एवढंच मला हवं होतं. आणि तेच मी त्याच्याकडून काढून घ्यायला बसलो होतो.

"घे पक्कं," मी म्हणालो.

पक्कं यायला दुपार झाली. मध्ये चारदा बंद पडला, चारदा थंड केला. सगळी गाणी आली. मग कच्चं सुरू केलं. तीन फायली आल्या. चौथीच्या मध्येच आतून टकटक आवाज आला, उंदीर फळी कुरतडतो तसा, आणि मग काहीच नाही. मुलीनं पाच-सहा वेळा बटन दाबलं. शेवटी हात मागे घेतला.

"तीनच, बाबा." तिचे डोळे भरले होते. "चंद्रपुरात दुकानात दाखवतो मी."

"दाखव," मी म्हणालो. तिनं दाखवलं. काही निघालं नाही.

तीनपैकी दोन फायलींत बायको फक्त "हं, म्हणा बाई" एवढंच बोलते. तिसरीत एक म्हातारी गाणं सुरू करते, अडते, खोकते. बायको म्हणते, "थांबा बाई, चहा ठेवतो. यायलेबी देतो, सकाळपासून बसले तोंड फुगवून." आणि मोबाईल तसाच चालू सोडून आत जाते. मग बराच वेळ गाणं नाही. चहाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर ठेवल्याचा आवाज, कपबशा, तिच्या बांगड्या, ओसरीत म्हातारीचं खाकरणं. पक्क्यात हे सगळं कापलेलं आहे. मी कशावरून तोंड फुगवलं होतं ते लय आठवून पाहिलं. आठवत नाही.

मुलीनं ती फाईल माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिली. मी दुपारी लावतो. त्यात बायको चहा घेऊन बाहेर येते आणि म्हातारी पुन्हा गायला लागते, तिथं बंद करतो.