सालोमीने न घेतलेलं नाव

रविवारची उपासना होते, मटण-भाताचं जेवण होतं, आणि सालोमी पलंगावर आडवी पडते. डोळे मिटतात न मिटतात तोच स्वयंपाकघरातल्या नळाची टपटप थांबते आणि ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी असते. झोप लागली की नाही, तिचं तिलाच सांगता येत नाही. पायऱ्या उन्हाने तापल्यात, तरी पायाला चटका बसत नाही.

खालच्या पायरीवर दीना चपलेचा पट्टा लावत बसली आहे. दीना म्हणजे तिची तीस वर्षांची मैत्रीण, भगिनी मंडळात कायम शेजारी बसणारी. तिला मूठमाती देऊन अडीच महिने झाले. तरी सालोमी म्हणते, "बाई, किती वाट पाहायला लावलीस."

"तूच उशिरा आलीस," म्हणत दीना सरकून जागा देते.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. याच पायऱ्यांवर दीनाने तिला बाजूला घेतलं होतं. मंगळवारी ऑपरेशन, गर्भाशयाचं. उपासनेत पाळकसाहेब प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात, तेव्हा कुणी उठून मुलाची नोकरी सांगतं, कुणी सासऱ्याचा दमा. पण हे कसं सांगणार, समोर सगळे बाप्ये बसलेले. "मी दुसऱ्या कुणाला बोलले नाही. तूच घरी प्रार्थनेत माझं नाव घे," दीना म्हणाली होती. "घेते की गं, हे काय सांगणं झालं?" असं म्हणून सालोमी घरी गेली आणि पापड लाटायला बसली. मंगळवार आला नि गेला. एकटीवर सोपवलेलं काम, तेही ही बया साफ विसरली. शुक्रवारी दीना गेली. हे सालोमीने आजवर कुणाजवळ काढलेलं नाही, पाळकसाहेबांजवळसुद्धा नाही.

"दीना, तुला एक सांगायचंय."

"ठाऊक आहे."

"वरून दिसतं का सगळं?"

"वरून कशाला? गुरुवारी मला बघायला आलीस तेव्हाच कळलं. नुसती सलाईनच्या बाटलीकडे बघत होतीस."

पायऱ्या आता दवाखान्याच्या वॉर्डात आहेत. खाटांच्या जागी चर्चचे बाक लावलेत आणि शेवटच्या बाकावर दीना चादर ओढून पडली आहे. खाली फरशीवर चटई अंथरलेली.

"मग विचारलं का नाहीस?" सालोमी विचारते.

"भीती वाटली. तू विसरले म्हणाली असतीस तर?"

सालोमीला रडू आवरत नाही. "आता घेते तुझं नाव. आत्ता, इथेच."

"आपल्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, वेडे. माझं झालं आता." दीना पदराने तिचं तोंड पुसते. "सकाळी फाटकाशी आमचे हे भेटले ना? काय म्हणालीस त्यांना?"

सालोमीला दीनाचा नवरा, हनोख, आठवतो. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, दाढी वाढलेली.

"प्रार्थनेत आठवण करते, म्हणाले."

"केलीस?"

घरी येऊन सालोमी जेवली नि पडली, दुसरं काय केलं?

"अजून दोन ताटं घेतात गं ते जेवायला," दीना म्हणते. "नि अख्खी मंडळी त्यांना सांगते, आठवण करतो म्हणून. करत कुणीच नाही."

सालोमी चटईवर गुडघे टेकते. "हे प्रभू," एवढंच तोंडातून निघतं, पुढे शब्द फुटत नाही. पाठीवर दीनाचा हात असतो, मग तो नसतो.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. ती पलंगावरच आहे, गादीवर, पण गुडघे चुरचुरतायत. ती साडी वर करून बघते. दोन्ही गुडघ्यांवर चटईच्या विणीचे लालभडक वळ उमटलेत. घरात चटई म्हणून नाही. बोट फिरवलं तर वळ हाताला लागतात.

ते विरायच्या आत सालोमी पलंगावरून उतरते, फरशीवर गुडघे टेकते आणि हनोखचं नाव घेते, मोठ्याने.