भिंतीतलं पाव्हणं

पावसाळ्यात आमच्या घराचं मागचं दार लागत नसे आणि उन्हाळ्यात उघडत नसे. दोन्ही ऋतूंत मी त्याला खांद्यानं धडक देई आणि आतून बायको ओरडे, "अहो, हळू! चौकट हातात येईल." एका मे महिन्यात ती खरंच आली.

सांगलीच्या बाहेर, उसाचं रान मोडून पाडलेल्या एका प्लॉटवर मी हे घर बांधलं. माझा जन्म साताऱ्याकडचा. तिकडे हातभर खणलं की मुरूम लागतो आणि मुरमावर घर एकदा बसलं की बसलं. काळ्या मातीचा स्वभाव मला ठाऊक नव्हता. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि अंगावर जे काही ठेवलं असेल ते वर्षातून दोनदा हलवून बघते. शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्रसरण आणि आकुंचन फळ्यावर आकृत्या काढून समजावतो. प्लॉट घेताना त्यातलं काहीही आठवलं नाही.

घर उभं राहिल्यापासून मी त्याच्यामागे धावत होतो. पश्चिमेच्या भिंतीला वरून खाली भेग गेली. ती चुन्यानं बुजवली की पुढच्या उन्हाळ्यात तिच्याशेजारी दुसरी. न्हाणीघरामागचा हौद गळत होता आणि तो नेमका कुठून गळतो हे तीन वर्षांत कुणालाही सापडलं नव्हतं. परसात गुडघाभर गाजरगवत, त्याखाली हरळी. रविवारी खुरपं घेऊन बसलो की दुपारपर्यंत चटईएवढी जागा मोकळी होई आणि पुढच्या रविवारी ती जागा कुठली ते ओळखू येत नसे. कुंपणाला मेंदी लावली, ती शेळ्यांनी खाल्ली. तार ओढली, ती कुणीतरी सोडून नेली. सिमेंट परमिटशिवाय मिळत नसे. त्यासाठी कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई मला लांबून बघूनच नकाराची मान हलवू लागला.

हे सांगतो ते मी तेव्हा किती वैतागलो होतो हे कळावं म्हणून. सबब म्हणून सांगत नाही. निदान तसं मला वाटतं.

हौद जिथे भिंतीला टेकतो त्या सांध्यात, माझ्या डोक्याच्या थोडं वर, एक दिवस दोन तांबूस पानं दिसली. पिंपळ. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, ओल मिळाली की रुजतं. हेही मी वर्गात शिकवलेलं. मी ते पाहीपर्यंत आईनं पाहिलं होतं. वडील गेल्यानंतर ती गावाकडून आमच्याकडे राहायला आली होती. रोज अंघोळ झाली की ती पाटावर चढून तांब्याभर पाणी त्या सांध्यात ओतू लागली. साल दुष्काळाचं, नळाला दिवसाआड पाणी, आणि माझी आई माझ्या फुटक्या भिंतीला पाणी घालत होती.

"आई, भिंतीला पाणी घालतेस?"

"भितीला कशाला? पिंपळाला घालती."

"अगं, तो वाढला तर भिंत फोडील."

"पिंपळ नव्हता तवाबी तुजी भित फुटतच हुती की रं."

मी म्हणालो, "आपण काय तो लावलाय का?"

"आपन लावला न्हाई म्हनून तर. आपल्या पायानं आलंय ते पाव्हणं. दारात आल्याल्या पाव्हण्याला हाकलत्यात व्हय?"

वर्षाच्या आत पिंपळ वीतभर झाला आणि भेग बोटभर. मी गवंड्याला आणलं. त्यानं भेगेत थापीचं टोक घालून पाहिलं, वर पाहिलं आणि थापी पिशवीत टाकली.

"मास्तर, भेग म्हनाल तवा बुजवतो. पर पिंपळाला हात लावायचा न्हाई मी. घरात बाई गरवार हाय माजी."

"मग काढायचा कुणी?"

"तुमी काढा की. पोरांस्नी शिकिवता न्हवं, देव न्हाई, भूत न्हाई म्हनून? उपटा आन मला हाक मारा." आणि तो हसला.

तो बरोबर बोलत होता. दोन-तीन सकाळी मी पहार घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो. एकदा तर पहारीचं टोक सांध्यात टेकवलंही. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, नुकतीच गोवरातून उठलेली. ती पायरीवर बसून मला बघत होती. मी पहार कोपऱ्यात ठेवून दिली. बायको म्हणाली, "तुम्ही मानत नाही ना? मग काढा की." मी म्हणालो, शाळेला उशीर होतोय. मी मानत नव्हतो, हे खरं. पण मुलगी समोर असताना ते आजमावून बघायची माझी तयारी नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्या दारात एक माणूस आला. दुष्काळामुळे जिल्ह्याच्या पूर्वेकडची माणसं तेव्हा खडी फोडायला, माती टाकायला सांगलीकडे उतरली होती. हा आटपाडीच्या पलीकडचा, मेंढरं राखणारा. बरोबर बायको आणि चार-सहा महिन्यांचं मूल. खडीचं काम दुपारपर्यंत असे, नंतर तो घरोघर काम विचारी.

"काय काम हाय का जी?"

आईनं आतूनच विचारलं, "कुठलं रं पाव्हणं?"

"आटपाडीच्या पल्याडलं, आज्जी. मेंढरं हुती. आता न्हाईत."

आईनं आधी भाकरी दिली, काम नंतर दाखवलं.

जे मला चार वर्षांत जमलं नव्हतं ते त्या माणसानं आठवड्यात केलं. हरळी मुळापासून खणून काढून उन्हात पसरली. मेंढरांच्या वाड्याला घालतात तसं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेळ्या लांबूनच परत फिरू लागल्या. मागच्या दाराखाली दगडाची कपच सारली आणि दार एका बोटानं उघडू लागलं. मी ते चार-पाचदा उघडझाप करून पाहिलं. त्याची बायको मूल घेऊन परसातल्या लिंबाखाली बसे. आई त्या दोघांना भाकरी-ताक आणि मुलाला वाटीभर दूध देई. घरात सगळे त्याला पाव्हणं म्हणत. नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

अशात दोन गोष्टी एकदम घडल्या. परमिट मंजूर होऊन सिमेंटची दोन पोती घरी आली आणि आई एका लग्नासाठी चार दिवस साताऱ्याला गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर चढून पिंपळाची पानं तोडली. सगळी, कोवळ्या शेंड्यासकट. आणि पेटत्या बंबात टाकली. उरला बोटाएवढा काळसर खुंट. तो कशाचा, हे आता कुणाला सांगता आलं नसतं. पानं तोडताना मला भीती वाटली नाही. मुळाला हात लावायची भीती होती, आणि मुळाचं काम मी दुसऱ्यासाठी ठेवलं होतं.

दुपारी तो आला तेव्हा मी म्हणालो, "पाव्हणं, त्या सांध्यात एक खुंट राहिलाय. मुळासकट काढ."

छिन्नी-हातोडीनं त्यानं तासभर काम केलं. हातभर लांब मूळ निघालं. ते धरून तो खाली उतरला आणि बोटं एकमेकांवर चोळत राहिला.

"मास्तर, चीक हाय की ह्याला. पिंपळबिंपळ न्हवं न्हवं?"

"छे. चीक पुष्कळ झाडांना असतो. रानटी जात आहे ही."

"तुमी म्हंता तवा बराबर आसंल." त्यानं मूळ कचऱ्यात टाकलं आणि हात धुतले.

आई आली. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तांब्या घेऊन मागे गेली आणि तशीच उभी राहिली. तो तिथंच हौदाखालची चर साफ करत होता; खडीचं काम त्या दिवशी बंद होतं. मी दात घासत होतो.

"कुनी काढलं?" आईनं मला विचारलं.

तिथे काय बोलायचं हे मी चार दिवस ठरवत होतो. ठरवलेलं काहीतरी वेगळं होतं. तोंडातून निघालं ते असं, "पाव्हण्यानं काढलं. मला नंतर कळलं."

आई त्याच्याकडे वळली. "पाव्हणं, पिंपळ उपटाय हात कसा धजला तुजा? पदरात लेकरू हाय न्हवं तुज्या?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता वाट बघत होता, आता मास्तर बोलतील म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको उभी होती; तिला सगळं ठाऊक होतं, तीही वाट बघत होती. मी चूळ भरली.

मग तोच म्हणाला, "चुकलं, आज्जी. वळखू आलं न्हाई मला."

त्या दुपारी आईनं त्याला हाक मारली नाही. ताक काढलं नाही. "त्येस्नी भाकरी द्या जावा," एवढं बायकोला सांगून ती आत गेली. त्यानं भाकरी फडक्यात बांधली, लिंबाखाली बायकोशी हळू काहीतरी बोलला. तिनं मूल छातीशी घट्ट धरलं आणि दोघं गेली. पुन्हा आली नाहीत.

बायको फक्त म्हणाली, "बोलायचं होतं."

"काय बोलायचं?"

"ते मी सांगायला पाहिजे का?"

तीन-चार दिवसांनी सायकलवरून शाळेला जाताना नदीच्या वाटेवरच्या पिंपळाच्या पारावर मला ती दोघं दिसली. ओल्या कपड्यांनी, अनवाणी. तिच्या कडेवर मूल, त्याच्या हातात पत्र्याचा डबा. तो बुंध्याला पाणी घालत होता, ती फेऱ्या घालत होती. खडीवर जायच्या आधी, सकाळची. मी सायकल गल्लीत वळवली. पुढे आठवडाभर मी लांबच्या रस्त्यानं शाळेला गेलो.

पारापाशी उतरून मला एवढंच म्हणायचं होतं, पाव्हणं, तुझं काही नाही, पानं मी तोडली आणि खोटंही मीच बोललो. मग त्या पापाचा रोख माझ्याकडे वळला असता, आणि मला तो नको होता. पापावर माझा विश्वास नव्हता, तरी नको होता.

पाऊस लागला. कामं बंद झाली, माणसं आपापल्या मुलखात परतली. गवंडी बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीला गेला तो गणपतीपर्यंत आलाच नाही. सोप्याचं कौल गळत होतं, त्याखाली ठेवलेली सिमेंटची दोन्ही पोती पोत्याच्याच आकाराचे दगड होऊन बसली. परसात हरळी परत आली. मागच्या दाराखालची कपच मातीनं गिळली आणि दार पुन्हा अडू लागलं. आणि श्रावणात त्याच सांध्यातून दोन तांबूस पानं वर आली.

परसात उगवलेलं काहीही बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. पिंपळ मेलाच नव्हता. मूळ आत शिल्लक होतं. हे त्या माणसाला कळायला हवं होतं. एवढं कळलं तरी त्याचा जीव हलका झाला असता.

दिवाळीच्या सुट्टीत मी एस.टी.नं आटपाडीच्या बाजाराला गेलो. खूण म्हणून एक पान न्यावं असं मनात आलं, पण पुन्हा पान तोडवेना. मेंढरांच्या बाजारात घोंगड्या पांघरलेली चार माणसं बसली होती. मी सांगलीकडचा मास्तर, असं सांगून त्यांच्याकडे त्याची चौकशी केली.

"नाव काय त्येचं?"

"नाव ठाऊक नाही. आम्ही पाव्हणं म्हणायचो."

एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाला, "गड्या, हितं तर समदंच पाव्हणं! मास्तर, तुमीबी पाव्हणंच की."

"बायको होती, तान्हं मूल होतं. दुष्काळात सांगलीला आले होते."

"दुष्काळात कोन गेलं न्हवतं ते सांगा. काय घिऊन पळाला का तुमचं?"

"नाही, नाही. मलाच एक सांगायचं होतं त्याला."

ते हसायचे थांबले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं घोंगडीवर जागा केली. "बसा. च्या प्या. लांबनं आलायसा." मी चहा प्यालो. दुपारच्या गाडीनं परत आलो.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. पानं, बंब, चीक, सगळं. वाटलं होतं, ती बोलेल, रडेल, निदान चिडेल. ती तांदूळ निवडत होती, तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्या दिशी मी त्येला ताकसुदिक दिलं न्हाई रं."

एवढंच. माझ्या खोटेपणाचा एक वाटा मी तिच्याही पदरात टाकला होता, हे मला तेव्हा कळलं. ती ते वाक्य अजूनही मधूनच बोलते, जेवताना, वाती वळताना.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. पिंपळ माझ्या उंचीचा झाला आहे आणि भेगेत माझा तळहात जातो. गवंडी येता-जाता सांगतो, "मास्तर, भित जानार बगा." मी हो म्हणतो. आईला आता पाटावरून सांध्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून सिमेंटच्या त्या दोन दगडांपैकी एक मी ढकलत भिंतीपाशी नेला आहे. रोज सकाळी ती त्यावर चढते, "धर रं" म्हणते. मी तिचं कोपर धरतो आणि ती पाणी घालते. थोड्या वेळानं ते पाणी भिंतीतून न्हाणीघरात उतरतं. मी फडकं घेऊन पुसायला बसतो.