तमसींची उलटी चाल

चोरखमारा तलावाचं पाणी आटतं एप्रिल-मे महिन्यात, म्हणून पृथ्वीचा अंतही दरवर्षी त्याच सुमारास होतो. 'दूरनक्षत्र' ही मालिका सुरू होऊन दहा-अकरा वर्षं झाली. आधी ती टीव्हीवर लागायची, आता मोबाइलवर येते. एवढ्या काळात तीन दिग्दर्शक बदलले, नायक दोन झाले, नायिकांचा तर हिशेबच नाही. बदलला नाही तो तळ्याचा भेगाळलेला तळ आणि त्या तळावर चालणारी कामठ्याची शामकला.

मालिकेत अंधाऱ्या ग्रहावरून आलेली तमसी नावाची एक जमात आहे. हिरवट रबराची कातडी, पाठीवर बाहेर आलेला कणा, तोंडावर भलामोठा मुखवटा. गावातली पोरंसोरं त्यांना बेडक्या म्हणतात आणि खरं बोलतात. या तमसींची जी मुखिया आहे, जिच्या एका इशाऱ्यावर अवकाशयानं थांबतात, ती शामकला. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा उदाराम मक्त्याने घेतलेल्या शेतात धान करतो. लग्न होऊन कामठ्यात आल्यापासून शामकलानं बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, चिखलात किती पावसाळे काढले ते तिलाही आठवत नाही. परग्रहावर ती गेली ती इंद्रकुमारमुळे. इंद्रकुमार गोंदियाचा, मालिका काढणाऱ्या कंपनीला गाड्या, जेवण, माणसं, सगळं पुरवणारा. सुरुवातीला त्याला रबराच्या कपड्यात उन्हात उभ्या राहतील अशा बाया हव्या होत्या. उन्हाला सरावलेल्या बाया कुठे मिळतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मुखवटे कुणा उंच पुरुषांच्या मापाचे होते, त्यामुळे डोळ्यांची भोकं हनुवटीपाशी आली आणि बायांना फक्त स्वतःचे पाय दिसू लागले. दिग्दर्शकानं सांगितलं, हातातले चमकणारे खडे भेगांत खोचत यानापर्यंत जा. दुसरं कुणीही असतं तर खडे खोचत पुढे चालत गेलं असतं. या बायांनी यानाकडे पाठ केली, एका ओळीत वाकल्या आणि खडे लावत लावत मागे सरकू लागल्या. रोवणीला, धानाची रोपं लावताना, बाई मागेच सरकते. पुढे चालली तर स्वतःच लावलेला पऱ्हा तुडवेल. कंपनीची माणसं पोट धरून हसली. दिग्दर्शक मात्र हसला नाही. त्यानं कॅमेरा बंद करू दिला नाही, आणि त्या दिवसापासून अख्खी तमसी जमात जिकडे जायचं तिकडे पाठ करून चालते. मोबाइलवर शिकलेसवरलेले लोक त्यावर लांबलचक मजकूर लिहितात. तमसींना भूतकाळ समोर दिसतो आणि भविष्य पाठीमागे असतं, म्हणून त्या अशा चालतात म्हणे. लिहोत बापडे.

चाल सगळ्यांची असली तरी पहिलं पाऊल शामकलाचं. ती हलली की ओळ हलते. तिच्या शेजारी मंदाबाई, तिच्याच वयाची आणि तिच्याहून तिखट जिभेची. मग अंजू, आणि टोकाला रिंकू. रिंकू पंचविशीतली, घोड्यासारखी तब्येत. ती आली सेवंताबाईच्या जागी. सेवंताबाई एक दिवस साधेपणानं म्हणाली होती की कंबर धरते. इंद्रकुमारनं फार प्रेमानं तिला सांगितलं, आराम करा, अगले साल बुलाते. ते पुढचं साल काही उजाडलं नाही. सेवंताबाई अजून कधी कधी शूटिंगला नेणारा टेम्पो जाताना दारात उभी असते.

हे शामकलानं पाहिलं होतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिचा डावा गुडघा गेला तेव्हा तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. उदारामालाही ती म्हणाली की थोडा मुरगळला आहे. रबराचा सूट एरवी जिवावर यायचा. आत घामाचं तळं, बाहेर भुशाचा धूर (ज्वालामुखी आमच्याकडे धानाच्या भुशाचा पेटतो), लघवीला जायचं तर अर्धा पाऊण तास सोलून काढावं लागणार, म्हणून दिवसभर पाणी घोट घोट. दोन मिनिटांच्या दृश्यासाठी सकाळपासून उभं राहायचं आणि ढग आला की पुन्हा पहिल्यापासून. पण त्या सुटाचा एक उपकार होता. त्याच्या घड्यांत आखडलेला गुडघा लपत होता. डावा पाय मागे टाकताना किंचित थांबा, मग टाच ओढत आणायची. रबराच्या आत कुणाला काय कळतंय!

ती थकली होती हे खरं. कामानं थकली होती, आणि त्याहून जास्त लपवून लपवून थकली होती. काम सोडावं असं तिला रोज संध्याकाळी वाटायचं आणि सकाळी वाटायचं नाही. मजुरी हे एक कारण झालंच. पण बांधीत तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, आणि इथे सगळी माणसं, दिवे, यंत्रं तिचं पहिलं पाऊल पडायची वाट बघत उभी राहायची. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या जागी तिची अशी वाट पाहिली गेली नव्हती.

या वर्षी कंपनीनं नवं खूळ काढलं. आता रबर नाही. तमसी कॉम्प्युटरवर बनणार, चार नाही, हजारो. त्यासाठी हिमांशू नावाचा मुलगा पुण्याहून आला. गोंदियाबाहेरच्या बंद राइस मिलमध्ये कंपनीनं अवकाशयानाचा सेट लावला होता, तिथेच गोदामात त्यानं चारी बाजूंनी छोटे कॅमेरे बसवले. बायांनी अंगाला चिकटणारे काळे कपडे घालायचे, त्यावर पांढऱ्या टिकल्या लावायच्या आणि चालायचं. कॉम्प्युटर टिकल्या बघून चाल शिकणार. सगळ्यांत चांगली जिची चाल, तीच हजारो तमसींची चाल होणार. तिला दरवर्षी नव्या हालचालींसाठी बोलावणं येणार. बाकीच्यांना राम राम. इंद्रकुमारनं हे टेम्पोतच सांगून टाकलं आणि वर म्हणाला, मुखिया तो अपनी शामकलाबाई ही है, टेन्शन कायका.

टेन्शन कायका हे शामकलाला चांगलं माहीत होतं. रबर गेलं होतं. आज गुडघा उघडा पडला तर आजच घरी, सेवंताबाईच्या शेजारी, दारात.

ते कपडे घालून बाहेर यायला बाया तयार होईनात. मंदाबाईनं वरून टॉवेल गुंडाळला. टॉवेलनं टिकल्या झाकल्या जातात म्हटल्यावर इंद्रकुमारनं सगळे पुरुष बाहेर काढले, स्वतः खांबाकडे तोंड करून उभा राहिला, आणि हिमांशू तेवढा कॉम्प्युटरमागे राहिला. त्याची मान पडद्यातून वर निघतच नव्हती, त्यामुळे बायांनी त्याला पुरुषात धरला नाही.

शामकला आधी. तिनं पाठ केली, वाकली आणि मागे सरकू लागली. पहिली ओळ तिनं दात आवळून अगदी सरळ काढली. दुसरीही काढली. गुडघ्यात कुणीतरी खिळा फिरवतंय असं वाटत होतं, कपाळावर घाम आला, पण पाय तिनं अडू दिला नाही. तिसऱ्या ओळीला मात्र पायानं ऐकलं नाही. तो थांबला, आणि टाच घासत मागे आली.

हिमांशूच्या पडद्यावर काड्यांची एक बाई चालत होती. तिला कातडी नव्हती, लुगडं नव्हतं, लपायला काहीच नव्हतं. ती लंगडत होती. हिमांशूनं हळू आवाजात विचारलं, काकू, डाव्या पायाला काही त्रास आहे का? शामकला नाही म्हणाली. इंद्रकुमार खांबाकडून वळला. त्यानं पडदा पाहिला, मग शामकलाकडे पाहिलं, आणि फार प्रेमानं म्हणाला, "बाई, आप जरा आराम करो."

हे शब्द तिच्या ओळखीचे होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण नुसतं रिकामं रिकामं वाटलं. तीन वर्षं जपलेलं एका ओळीत गेलं. आता रिंकूला बोलावतील हे तिला ठाऊक होतं, आणि झालंही तसंच. रिंकूला ही चाल तिनंच शिकवली होती. पोरीचे गुडघे लोखंडाचे. निदान चाल तरी नीट पुढे जाईल, असा विचार तिच्या मनात आला आणि तो आल्याचा तिला रागही आला.

रिंकू वाकली. मागे सरकली. उजवा पाय, मग डावा. डावा पाय किंचित थांबला आणि टाच घासत आली.

हिमांशूला वाटलं मशीन आधीचंच दाखवतंय. त्यानं टिकल्या काढून पुन्हा लावल्या आणि रिंकूला पुन्हा चालवलं. काड्यांची बाई पुन्हा लंगडली. मग अंजू झाली, मग टॉवेल सोडून मंदाबाई. दोघीही डाव्याच पायात, तेवढाच थांबा घेऊन. हिमांशू चक्रावला. त्यानं जुने भाग काढले आणि सूटवाल्या तमसींच्या पायांवर नजर ठेवून बघत बसला. सुरुवातीच्या वर्षांत ओळ सरळ चालत होती. गेली तीन वर्षं मात्र अख्खी ओळ लंगडत होती, सगळ्या जणी एका तालात, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही.

"मेरेको लगा डायरेक्टर ने बताया था," इंद्रकुमार म्हणाला. मग त्यानं रिंकूला नीट चालायला सांगितलं, लंगडं नको, जैसे पहले चलते थे वैसा.

"नाई येत," रिंकू म्हणाली.

तो अंजूकडे वळला. अंजूलाही येत नव्हतं. मंदाबाईला तर विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

भिंतीपाशी उभ्या शामकलाला हे कळायला वेळ लागला. रोवणीत एखादी बाई ढिली पडली की शेजारणी काही बोलत नाहीत. त्या आपला हात हळू करतात. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा असलेला मालक ओळ बघतो. वाकलेली ओळ दिसली की मागे राहिलेल्या बाईच्या नावानं शिव्या येतात, सरळ ओळीत त्याला कुणीच दिसत नाही. हे तिनं स्वतः कितीदा केलं होतं, पोटुशी बाईसाठी, तापानं फणफणलेल्या बाईसाठी. मुखवट्यातून तिला स्वतःच्या पायांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि आपल्यासाठीही कुणी करत असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तीन उन्हाळे धडधाकट पायाच्या तीन बाया रबरात उकडत, तिच्या पायाशी पाय मिळवत लंगडल्या, आणि एकीनं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

हिमांशूनं फोनवर मुंबईच्या लोकांशी बोलून घेतलं. त्यांचं म्हणणं, लोकांना आता तमसी अशाच चालतात हे पाठ झालंय, ती चाल बदलायची नाही. आणि अशीच हवी तर मुळातली घ्या, बाकीच्यांच्या नकला कशाला? इंद्रकुमारनं तोंड भरून हसत शामकलाला पुन्हा टिकल्यांकडे बोलावलं. मघाशी आराम करा म्हणणारा हाच माणूस, हे त्याच्या गावीही नव्हतं.

शामकला त्याच्याकडे गेली नाही. ती मंदाबाईपुढे जाऊन उभी राहिली. तिला राग आला होता.

"मले काऊन नाई सांगतलं?" तिनं विचारलं.

मंदाबाई टॉवेल पुन्हा कमरेला गुंडाळत होती. "तू तरी कुठं सांगतलं," ती म्हणाली.

हिमांशू तयार होता, कॅमेऱ्यांचे लाल दिवे लागले होते, इंद्रकुमार घड्याळ बघत होता. मग ती तिथेच, सगळ्यांच्या देखत, मिलच्या फरशीवर खाली बसली आणि डावा पाय समोर लांब केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माहा गुडघा दुखून राहिला."

रिंकू तिच्याजवळ येऊन बसली. मग अंजू बसली, आणि कुरकुरत मंदाबाईसुद्धा.