आईसाठी घेतलेली मोटार

आई रोज मासळीची टोपली डोक्यावर घेऊन आगरदांड्याहून मुरुडच्या बाजारात चालत जाई. तिची मान धरली, तेव्हा बाबांनी एका वकिलाची जुनी, गंजकी मोटार स्वस्तात आणली. थोडे दिवस आई आणि मी मोटारीतून गेलो. मग वाटेत माणसं हात दाखवू लागली आणि बाबा भाडं घेऊन त्यांना बसवू लागले.

एका सकाळी बाबा आईला म्हणाले, "उतर. चालत ये. तुझ्या अंगाला वास येतो, लोक बसत न्हाईत."

"आन् टोपलीला येत न्हाय?" आईने विचारलं.

टोपली मागे बांधलेलीच राहिली. आईबरोबर मीही उतरले. मला बाबांची किळस आली. संध्याकाळी त्यांनी आणलेली जिलबी मी कुत्र्याला घातली.