बारवेतले मासे आणि दवाखान्याच्या बाई

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर हटकून चुकतं. शाळा चौथीतच सुटली. तेवढं सांभाळून वाचा.

बाई कशावरही बोलण्याआधी करंगळी बुडवून जिभेला लावायच्या. औषध असो, कुणाच्या घरचं ताक असो, नाहीतर बाळंतिणीचा काढा. "थांब गं, चाखू दे मला," म्हणून डोळे मिटायच्या आणि मग निकाल सांगायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना हसताही येत नाही आणि हसल्याशिवाय राहवतही नाही.

त्या सरकारी दवाखान्याच्या दाई, नांदेडकडच्या. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची बदली झाली तेव्हा मी नवी सून होते. त्यांची खोली आमच्या भिंतीला भिंत लावून होती. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बाईंशी मात्र बोलता यायचं, कारण मी बोलत असताना त्या माझ्याकडे बघत नसत. पट्ट्या गुंडाळत ऐकायच्या.

उन्हाळ्यात गावाला एका बारवेचाच आधार. पाणी खारट, पण आटत नसे. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवूनच घागर भरायची. घरटी एकाच्या तरी पायातून नारूचा जंत निघायचा, सुतासारखा लांब. बाईंनी आल्या वर्षीच जाळं टाकणाऱ्या भोयाकडून कयाधू नदीच्या डोहातले बोटभर मासे आणवले आणि बारवेत सोडले. "पाण्यातल्या बारीक किड्यांपायी नारू होतो. मासे ते किडे खातात," त्या म्हणाल्या. गोड्या पाण्यातले मासे, निम्मे आठवड्यातच मेले. "बाईनं मासे खारवले!" म्हणून गाव हसलं. उरलेले मात्र टिकले, त्यांना पिल्लं झाली. पुढच्या पावसाळ्यात नारू कमी निघाले.

लढाईच्या दिवसांतल्या एका उन्हाळ्यात मासे पुन्हा मरू लागले. सकाळी घागर घेऊन गेले तर पांढरी पोटं वर करून तरंगत होते. दोन दिवस काही नाही, मग पुन्हा तेच. पाण्यात विष आहे अशी ओरड झाली. बायका दोन कोस चालून नदीत झिरे उकरू लागल्या. पटकीची साथ येईल या भीतीनं बाईंनी मागं बारवेत लाल दवा टाकली होती. सगळ्यांना तीच आठवली.

पाटील त्यांच्या दारात आले. "बाई, मासे तुमीच आणले, तुमीच मारले. उद्या लेकरं मरतील. सोमवारच्या आत सांगा कशानं मरून राहिले, न्हाईतर गाडी जुंपून देतो. सामान भरा अन् निघा."

"पाटील, दवा टाकून महिना झाला. तवा एक मासा मेला न्हाई."

"ते मला काय सांगता? सोमवार!"

सासूबाईंनी मला बजावलं, "तिच्याकडं जाऊ नको. आपल्यावर येईल." तरी मी मागच्या दारानं गेले. बाई बारवेचं पाणी जिभेवर घोळवत बसल्या होत्या.

"खारट तर रोजचंच," त्या म्हणाल्या. "पण मागून कडू लागतंय. अन् बुळबुळीत. कोपऱ्यात फेसबी होता. कडू कुठून आलं गं?"

मी खाली बघून म्हटलं, "मध्ये साबण मिळायचा, लढाईपायी आता कुठं मिळतोय? पाटलांच्या आजी देवपूजेचं रेशीम पुन्हा हिंगणबेटाच्या फळाच्या गरानं धुतात. बारवेच्या शेवटच्या पायरीवर."

पहिल्यांदाच बाईंनी माझ्याकडे बघितलं.

पाटलांच्या कुंपणावर आजींचं ते रेशमी सोवळं वाळत होतं. बाई म्हणाल्या, "तू रस्त्याकडं बघ," आणि त्यांनी सरळ पदराचं टोक तोंडात घालून चोखलं. कुणी पाहिलं असतं तर सोमवारची वाट बघावी लागली नसती.

"तेच," त्या म्हणाल्या.

सोमवारी देवळापुढं गाव जमलं. बाईंनी दोन घंगाळांत नदीचं पाणी भरलं आणि भोयानं पहाटे आणलेले मासे दोन्हींत सोडले. एकात हिंगणबेटाचा गर चोळला. फेस आला. मासे फिरतच राहिले. कुणीतरी हसलं. पाटील म्हणाले, "झाला तमाशा? गाडी आणा रे."

बाई पाण्याकडेच बघत होत्या. मग एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला, तिरपा झाला आणि उलटला. मग दुसरा. शेजारच्या घंगाळात सगळे नीट पोहत होते.

बाईंनी त्याच फेसाच्या पाण्याची ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकली. "माशाला हे सोसत न्हाई. माणसाला एवढ्यानं काही होत न्हाई. नाव कुणाचं घेत न्हाई, पण धुणं बारवेत नको."

पाटलांच्या आजी काठी आपटत पुढं आल्या. "नाव घ्यायला भेती काय? मी धुते! साबण येण्याआधी चाळीस वर्षं ह्यानंच धुतलं. तवा काहून न्हाई मेले मासे?"

"माय, तवा बारवेत मासे होते कुठं?"

आधी भोई हसला, मग सगळेच. पाटील मान खाली घालून निघून गेले. चुकलं असं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले. ट्रंक बांधून दाराशीच ठेवलेली होती. बाई तिची दोरी सोडत होत्या.

"मासे उलटले नसते तर?" मी विचारलं.

"तेच सकाळपासून इचारून राहिले मी सोताला," त्या म्हणाल्या.

पुढं दोन वर्षं त्या राहिल्या, मग बदली झाली. त्यांच्या खोलीत आता कडबा भरतात. बारवेत का धुता म्हणून पाटलांच्या आजींना विचारणारं कुणी उरलं नाही. तरी धुण्याच्या दिवशी त्या गाठोडं काखेत मारून, गुडघे दाबत, थेट ओढ्यापर्यंत जातात. वाटभर शिव्या देत असतात, "त्या बाईनं माझे पाय तोडले." बारवेवरून जाताना जरा थांबतात, वाकून पाण्यात बघतात आणि पुन्हा शिव्या देत चालू लागतात.